घोरण्याचं अपील

कायदा डोक्यावर येऊन बसतो म्हणजे काय, हे धाकट्या न्यायमूर्तींना रोज कळत होतं. नव्या कायद्याने देशाचं सर्वोच्च न्यायालय उभं केलं, आणि दुसरी जागा मिळेना म्हणून ते उच्च न्यायालयाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर थाटलं. वर खुर्च्या सरकल्या की खाली धाकट्यांच्या फायलींवर चुन्याचे पोपडे पडायचे.

आधी बरं होतं. परक्यांचं राज्य गेलं तरी शेवटचं अपील बोटीत बसून त्यांच्याच राजधानीला जायचं. ते परत येईपर्यंत वादी-प्रतिवादी एकमेकांचे व्याही झालेले असायचे. निकाल उलटला तरी इतक्या दुरून आलेला ओरडा अंगाला लागत नसे. शिवाय डोकं चालवायचं कामच नव्हतं. तिकडच्या न्यायाधीशांनी लिहून ठेवलेलं उतरवायचं, खाली सही ठोकायची आणि घरी जायचं. नव्या कायद्याने हे दोन्ही दोर कापले. अपील समुद्र ओलांडणार नाही. आणि तिकडचे जुने निवाडे आदराने वाचावेत, पण निकाल इथल्या माणसांची राहणी पाहून आपल्या बुद्धीने द्यावा.

एवढ्यावर भागलं असतं. पण वर तीन खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत ताई. सख्खी, थोरली, लहानपणी यांचा गृहपाठ तपासणारी. खाली भाऊ आणि वर बहीण असं होऊ शकतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. धाकट्यांनी बुद्धी चालवून दिलेला एकेक निकाल जिना चढून जाई आणि उलटा होऊन खाली येई. ‘खालच्या विद्वान न्यायमूर्तींनी’ अशी सुरुवात दिसली की ते पुढचं न वाचताच फाईल बांधून ठेवायचे. आपला एक तरी निकाल टिकावा, एवढीच आता त्यांची आस होती.

अशात घोरण्याचा दावा आला. एक घड्याळजी, शेजारी एक गवंडी, मध्ये पातळ भिंत. गवंडी दुपारी जेवायला घरी यायचा, आडवा व्हायचा आणि असा घोरायचा की घड्याळजीला हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईना. चांगली चालणारी घड्याळं बंद समजून बिचारा उघडत बसे. घोरणं थांबवा, ही त्याची मागणी. जुन्या निवाड्यांत बोटीचा भोंगा होता, लोहाराचा भाता होता. घोरणं कुठे नव्हतं.

धाकट्यांनी स्वतःच्या मनाला विचारलं आणि लिहिलं: माणूस घोरत नाही, ते त्याच्याकडून होतं, तेव्हा मनाई नाही. मात्र झोपलेल्याला शेजारचं घोरणं ऐकू येत नाही. सबब दुपारी गवंडी झोपेल तेवढा वेळ घड्याळजीनेही झोपावं. लिहिता लिहिता हात असा सैल सुटला की शेवटच्या पानावर दोन ओळी आपोआप उतरल्या:

घड्याळदादा, घड्याळदादा, टिकटिक ठेवा उशाला,
गवंडीमामा घोरू लागले, जागं राहता कशाला?

घड्याळजी तडक अपिलात गेला.

रविवारी भावंडं आईकडे जेवायला जमली. अपील चालू असताना त्यावर बोलायचं नाही, हा कायद्याचा नियम. जेवताना कोर्टाचं नावच काढायचं नाही, हा आईचा. जेवणं झाली. आई आरामखुर्चीत टेकली आणि घोरू लागली.

“हलवू का रे तिला जरा?” ताई म्हणाली.

“मी काही बोलत नाही.”

“मी आईबद्दल म्हणतेय, बाळू.”

“विषय न्यायप्रविष्ट आहे.”

“तू पण ना. मानेखाली उशी तरी दे तिच्या.”

“उशीने फरक पडला तर तो पुरावा होईल, ताई.”

ताईने कपाळाला हात लावला, तो तसाच ठेवून डोळे मिटले, आणि बघता बघता तीही घोरू लागली. आईचा खर्ज, लेकीचा पंचम. आईच्या त्या गडगडाटाने लेकीची पापणीही लवत नव्हती. निकालातलं वाक्यन् वाक्य डोळ्यांदेखत खरं होत होतं, आणि जागा साक्षीदार एकच, तोही निकाल लिहिणारा. धाकट्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

थोड्या वेळाने दोघी जाग्या झाल्या.

“तू घोरत होतीस गं,” आई ताईला म्हणाली.

“मी? तू घोरत होतीस.”

“मी नाही बाई घोरत. मी नुसती पडले होते. बाळू, तू सांग, कोण घोरत होतं?”

“मी खालचं न्यायालय आहे,” धाकटे म्हणाले.

ताई हसली नाही. आपल्याला झोप लागली, तीही घोरणाऱ्या आईच्या शेजारी, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

सुनावणीच्या दिवशी धाकटे छताकडे डोळे लावून बसले. वरून एकाच खुर्चीचा आवाज आला. पाठोपाठ शिरस्तेदार धापा टाकत खाली आला.

“बाईसाहेब उठल्या, साहेब. म्हणाल्या, या बाबतीत कागदाबाहेरचं मला काही कळलंय, मी बसणं बरं नाही.”

“आणि बाकीचे दोघे?”

“एकाचा कल घोरणाऱ्याकडे, एकाचा ऐकणाऱ्याकडे. घरी कुणाची काय परिस्थिती, ते मी विचारलं नाही. एकास एक. आणि मतं समसमान पडली की खालचा निकाल कायम, असं कलमच आहे. टिकला तुमचा. कवितेच्या ओळी तेवढ्या काढायला सांगितल्यात. त्यावर मात्र एकमत झालं.”

धाकटे जिना चढून ताईच्या दालनात गेले.

“आता बोलायला हरकत नाही ना?”

“बोल.”

“तू बसली असतीस तर?”

“उलटवला असता. कुणाला झोपायचा हुकूम देता येतो का, बाळू? तुला झोपवायला आईला कधी जमलं होतं?”

“पण तुला तर लागली झोप.”

“म्हणून तर उठले.”

धाकट्यांचा चेहरा पडला. ताईने चष्मा काढून पुसला.

“विचार तुझा होता, कुठून उतरवलेला नव्हता,” ती म्हणाली. “हे मला पहिल्या पानावरच कळलं. पुढचा असा लिही, की मला बसून कायम करता येईल.”

निम्मा जिना धाकटे खट्टू होऊन उतरले. उरलेला निम्मा शीळ घालत.