विचारलं तेवढंच

“विचारलं तेवढंच सांगायचं. आणि त्यातलंही थोडं मागे ठेवायचं.”

आईचा तो आवाज आर्डिथला इतक्या वर्षांनंतरही जसाच्या तसा ऐकू येई. ट्रकची काच वर चढवता चढवता, दवाखान्याच्या दाराकडे बघत, ओठ न हलवता काढलेला. डॉक्टर बोलतो गोड, पण त्याच्या हातात पेन असतं, असं आई म्हणे. आज तो आवाज संडासातल्या पाण्यावरून आला. पाणी गुलाबी झालं होतं. आर्डिथने खटका दाबला, पाणी गरगरत खाली गेलं, आणि भांडं पुन्हा स्वच्छ पाण्याने भरेपर्यंत ती तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिली.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा भर उन्हाळा होता आणि ती रोज जेवताना बीटचं लोणचं खात होती. बीटचाच रंग, असं तिने ठरवून टाकलं. पुढे तिने उरलेल्या सगळ्या बरण्या शेजारच्या घरी नेऊन दिल्या. बीट घरातून गेलं, रंग गेला नाही. कुठे दुखत नव्हतं, कळ नव्हती, ताप नव्हता. अंगणात चोर यावा आणि कुत्रंही भुंकू नये, तसं चाललं होतं.

घराचा पुढचा ओटा बंदिस्त करून तिने केस कापायचं दुकान काढलं होतं. तिथे गरम हवेच्या टोपाखाली हेझेल काकू बसून होत्या.

“मला वाटलं आत झोपलीस की काय,” काकू म्हणाल्या. “इकडे माझ्या डोक्यात अंडं उकडलं असतं.”

“अंडं तरी उकडलं असतं,” आर्डिथ म्हणाली, “मेंदू उकडायला तो असावा लागतो.” काकू खुदखुदल्या. आर्डिथने टोप वर उचलला आणि रोलर सोडवायला लागली. तिचे हात स्थिर होते. तिचे हात नेहमीच स्थिर असत.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. शेंगदाण्याएवढ्या पिवळट घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, कुणी आणलेली कोंबडी. आर्डिथने आपलं बटाट्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि तेव्हा तिला कोपऱ्यातलं दुसरं टेबल दिसलं. त्यावर लॅपटॉप होता, पत्रकांचे गठ्ठे होते, आणि मागे तिची भाची बसली होती. लेसी. धाकट्या बहिणीची, नेडीनची मुलगी. पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडायचे दिवस सुरू झाले की लेसी अशी डोंगरांतल्या घळीघळीतल्या वस्त्यांतून हिंडे, लोकांना त्यातलं समजावून सांगे. ती कुठल्या कंपनीची नव्हती. विकायला तिच्याकडे काही नव्हतं.

व्हर्जिल नाकात ऑक्सिजनची नळी अडकवून तिच्यासमोर बसला होता. कोळशाच्या खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती, जीभ मात्र शाबूत ठेवली होती. विमा काढला तर बायको नवी मिळते का, असं तो विचारत होता. लेसी म्हणाली, नाही, जुनी मात्र दुरुस्त करून मिळते. तळघर हसलं. मग लेसीची नजर मावशीकडे गेली आणि तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

आर्डिथ बसली नाही. आपला विमा आहे, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं, जरा मोठ्यानेच. वसंतातच काढला होता, फोनवरून. ब्रेंट नावाचा माणूस, बोलायला सभ्य. आणि उगाच कुणालाही देत नाहीत ते. त्याने तिची अगदी उलटतपासणी घेतली होती: हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, आईला काय झालं होतं, वडील कशाने गेले. एकेक अवयव पारखून घेतला. या सगळ्याला ती नाही, नाही, नाही म्हणाली होती, आणि तेव्हा तर ते खरंही होतं. तुमच्या या सरकारी विम्यासारखं नाही, ती म्हणाली, येईल त्याला वाटायला. ज्याला कुणी काही विचारतच नाही, तो विमा कसला?

त्या घळीत तिच्या वयाच्या कुणालाही हेच वाटलं असतं. विमा म्हणजे दारावरचा कठोर माणूस. त्याने अडवलं, हाडं चाचपून पाहिली आणि मग आत सोडलं, तर आत काहीतरी मोलाचं असणार.

लेसीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिने आवाज खाली आणला.

“मावशी, त्याने विचारलं ना, तिथेच गोम आहे. कायद्यातल्या विम्याला तब्येत विचारता येत नाही. मनाई आहे. हा थोड्या महिन्यांचा, कायद्याबाहेरचा आहे. तू खरंच आजारी पडलीस की हे तुझी जुनी कुंडली काढणार, आणि आधीपासूनचं आहे म्हणून हात वर करणार.”

“मनाई,” आर्डिथ म्हणाली. “कधीपासून मनाई?”

“तुला माहीत आहे कधीपासून.”

“मला माहीत आहे. तुझ्या आईला पुरल्यानंतर.”

लेसीच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली.

“आईला या टेबलावर आणू नकोस,” ती म्हणाली.

“तूच आणलंयस तिला इथे. पत्रकं छापून आणलीस.” आर्डिथने मागे वळून आपलं बटाट्याचं भांडं उचललं, ज्याला अजून कुणी चमचाही लावला नव्हता, आणि ते पोटाशी धरून जिना चढली.

गाडी चालवताना तिचा जबडा दुखायला लागला, इतके तिने दात आवळले होते. नेडीन. गाणारी नेडीन, दोरीवर चादरी वाळत घालताना गाणारी, भांडी घासताना गाणारी, जिचा सूर ओढ्यापलीकडच्या घरात ऐकू जाई. पोटात गाठ निघाली तेव्हा तिचा विमा होता. महिन्याचा हप्ता तिने कधी चुकवला नव्हता. निम्मी औषधं नसांतून शरीरात जाऊन झाली, केस गेले, आणि मग कंपनीने जुने कागद उकरले. विमा काढण्याच्या आधी कधीतरी नेडीन खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरने आपुलकीने विचारलं, आणखी काही? आणि नेडीन, जिला माणसं आवडत, म्हणाली, हल्ली पाळीत फार जातं हो. त्याने लिहून घेतलं. तेवढ्या एका ओळीवर कंपनी म्हणाली, तुम्ही आजार लपवलात, तुमचा विमा रद्द. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून. जणू तो कधी नव्हताच. उरलेली औषधं झालीच नाहीत.

मी सांगितलं होतं, असं आई तेव्हा म्हणाली नाही. म्हणाली असती तर आर्डिथला तिच्याशी भांडता तरी आलं असतं. दफनाच्या दिवशी आई नुसती चर्चच्या दारात उभी राहून आलेल्यांचे हात हातात घेत राहिली. त्यानंतर आर्डिथने कुठल्याच डॉक्टरला काही सांगितलं नाही. मग डॉक्टरकडे जाणंच सोडलं. पुढे विमा कंपन्यांना जुनी दुखणी विचारायला मनाई करणारा कायदा झाला, टीव्हीवर माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि आर्डिथने टीव्ही बंद करून सिंकमधली स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली होती. आता करता होय? आता सुचलं? एवढं सोपं होतं तर तेव्हा कुणाचे हात बांधले होते?

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने ब्रेंटला फोन लावला. लेसी चुकली आहे एवढंच तिला ऐकायचं होतं. ब्रेंटने तिला लगेच ओळखलं, हवापाण्याची चौकशी केली. तिने आडून विचारलं. समजा, एखादी बाई आहे. समजा, विमा काढल्यावर तिला काहीतरी दिसायला लागलं. तो म्हणाला, तर अर्थातच तपासून बघू, मॅडम. विमा चालू व्हायच्या आधी त्याचं एखादं जरी लक्षण असलं, डॉक्टरला दाखवलेलं नसलं तरी, तर मात्र कंपनी पैसे देत नाही. आणि लक्षण आधीचं की नंतरचं, हे कोण ठरवतं, असं तिने विचारलं. ते कंपनी ठरवते. त्याचा आवाज मधात बुडवल्यासारखा होता. त्याच्या मागे कुठेतरी बोटांची टकटक चालली होती.

“तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का, मॅडम?”

टकटक थांबली होती. तो वाट बघत होता. सगळे तिकडे वाट बघत होते, पेन उघडून.

“नाही,” आर्डिथ म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने झाडू घेतला. एकही केस नसलेली जमीन तिने भिंतीपासून भिंतीपर्यंत झाडून काढली, खुर्ची सरकवून खालची झाडली, आणि पायरीवर जाऊन झाडू कठड्यावर इतक्या जोराने आपटला की समोरच्या अक्रोडावरचे कावळे उडाले. नेडीन जाऊन इतकी वर्षं झाली होती. तेच ते लोक होते. फक्त आता ते मॅडम म्हणत.

त्या संध्याकाळी तिने लेसीला फोन केला. रविवारचं काही काढलं नाही. तुझ्या केसांची पार रया गेली आहे, ती म्हणाली, अशा अवताराने लोकांना कसले सल्ले देतेस. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये. आणि येताना तो तुझा डबा घेऊन ये. लॅपटॉप म्हणायचंय का, असं लेसीने विचारलं. तोच तो, आर्डिथ म्हणाली.

सोमवारी लेसी खुर्चीत बसली, गळ्याभोवती कापड आणि मांडीवर लॅपटॉप. आर्डिथ मागे उभी राहून कापत होती आणि आरशातून उत्तरं देत होती. नाव, जन्मतारीख, कुठला तालुका. घरात किती माणसं? मी आणि टीव्ही. दुकानाचं वर्षाचं उत्पन्न? तिने सांगितलं.

“तंबाखू?”

“तुझ्या आईबरोबर. कोंबड्यांच्या खुराड्यामागे. ओकलो दोघी.”

“गेल्या सहा महिन्यांतलं विचारतेय, मावशी.”

“मग नाही.”

कापलेले केस कळफलकावर पडत होते. लेसी फुंकर मारून ते उडवत होती. मग पडद्यावर वेगवेगळे विमे आले. लेसीने सावकाश फोड करून सांगितली. याचा हप्ता कमी, पण दुखणं आलं की आधी बरंच स्वतःच्या खिशातून जाणार. त्याचा थोडा जास्त, पण तुझ्या उत्पन्नाला त्यात सूट बसते, दवाखान्यात गेल्यावर कमी भरावं लागतं. आणि इथल्या तालुक्यातला दवाखाना दुसऱ्याच्या यादीत आहे, पहिल्याच्या नाही.

“मग कुठला घेऊ?”

“ते मला सांगता येत नाही. नियम आहे. समजावून मी द्यायचं, निवडायचं तू.”

“म्हणजे वाढायचं सगळं आणि कशात मीठ जास्त आहे ते सांगायचं नाही.”

लेसी हसली. आर्डिथने कात्री थांबवली, पडद्याकडे वाकून पाहिलं आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. लेसीने काही बटणं दाबली. जानेवारीच्या एक तारखेपासून तो चालू होईल, ती म्हणाली, तोवर मध्येच काही लागलं तर तालुक्याचा दवाखाना उत्पन्न बघून पैसे घेतो, तिथे जायचं. मग तिने लॅपटॉप मिटला.

“झालं.”

“काय झालं?”

“अर्ज झाला.”

“आणि तब्येतीचं?”

“तब्येतीचं नसतं गं. सांगितलं ना त्या रविवारी. विचारतच नाहीत.”

आर्डिथ कात्री हातात धरून उभी राहिली. रात्र रात्र तिने ती ‘नाही’ घासूनपुसून ठेवली होती. मूत्रपिंड? नाही. रक्त? नाही. चेहरा कसा ठेवायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं ठरलेलं. आणि आता कुणी दार ढकलायलाच आलं नव्हतं. दार आतून दाबून धरणारे तिचे हात तसेच राहिले होते.

“एवढंच होतं?” ती म्हणाली. “एवढंच करायचं होतं त्यांनी? हे एक विचारायचं नाही?”

आरशात लेसीचे केस एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब होते.

“हो, मावशी. एवढंच.”

“आणि त्याच्यासाठी नेडीन.”

“हो.”

“आणि तू हे हसत हसत सांगत फिरतेस. राग नाही येत तुला?”

“येतो ना. तुला काय वाटलं, हौस म्हणून हिंडते मी? दर वर्षी कुणीतरी येतं आणि विचारतं, हे कधीपासून. दर वर्षी मला तारीख सांगावी लागते.” लेसीने आरशातच तिच्याकडे पाहिलं. “त्या रविवारी तू भांडं घेऊन गेलीस तेव्हा मला ते तुझ्या डोक्यात घालावंसं वाटत होतं.”

“घालायचं होतंस.”

“बटाटे वाया गेले असते.”

दोघी हसल्या नाहीत. बाहेरून कोळशाचा एक ट्रक गेला आणि काचेच्या बाटल्या फळीवर किणकिणल्या. त्या शांत झाल्या तेव्हा आर्डिथने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. अर्धेच झालेत अजून, असं लेसी म्हणायला गेली आणि मध्येच थांबली.

“तू काही विचारू नकोस,” आर्डिथ म्हणाली. “कुणीच विचारलेलं नाही मला. माझं मी सांगतेय. उन्हाळ्यापासून माझ्या लघवीतून रक्त जातंय, लेसी.”