आई घरी असतात

ओल्या चादरीचं एक टोक हातात धरून दुसरं टोक अक्कानं मुकादमिणीकडे फेकलं आणि चादरीबरोबर तोंडही सोडलं.

“पोरगा आईला म्हणतो, चपला बदल. ओल्या चपला घालून वर येऊ नकोस म्हणे. आणि कोणी काही विचारलं तर तू नुसती हस, उत्तर मी देईन. बावीस वर्षं ही लाँड्री चालवली मी, ती काय हसून चालवली?”

मुकादमीण पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होती. तिनं चादर झटकली, काठाला काठ लावला.

“जाऊ दे अक्का. वरचे साहेब आहेत ते. आपल्याला खालची हवा मानवते, त्यांना वरची.”

मुलाला सगळ्या बायका ‘वरचे साहेब’च म्हणत. लोखंडी जिना चढून गेलं की त्याची काचेची खोली होती, आणि खाली यायची वेळ आली तर तो पँट दोन बोटांनी वर धरून यायचा. चार बुकं शिकलेला. बोलणं गोड, अक्षर मोत्यासारखं. तिची स्वतःची शाळा बाराखडीपाशी संपली होती.

त्या दिवशी व्यापारी संघाची तपासनीस यायची होती. ज्या धंद्याची मालक बाई आहे, किंवा मालक अल्पसंख्य समाजातला आहे, अशांची संघानं एक वेगळी यादी केली होती. नव्या मोठ्या हॉस्पिटलनं आपली धुलाई त्या यादीतल्यांनाच द्यायचं कबूल केलं होतं. जुनी दोन नर्सिंग होम बंद पडल्यापासून तिच्या पाच यंत्रांतली तीन झाकून ठेवलेली होती. अकरा बायका आळीपाळीनं येत होत्या, एक दिवस कामावर, एक दिवस घरी. यादीत नाव लागलं नाही तर पहिल्यांदा कोणाला ‘येऊ नकोस’ म्हणायचं, हे तिनं अजून मनाशीसुद्धा ठरवलं नव्हतं.

यादीत घुसायला पुष्कळांनी आपापल्या बायका पुढे केल्या होत्या. एका सिमेंटवाल्याच्या बायकोला गोणी किती किलोची तेही सांगता आलं नव्हतं म्हणे. तेव्हापासून संघ माणूस पाठवून बघून घ्यायचा, बाई खरी मालक आहे की नुसती सहीची.

तपासनीस संघातलीच होती, स्वतःचा छापखाना चालवणारी. नखांत शाई. वर काचेच्या खोलीत ती बसली, चहा बाजूला सारला आणि कागद काढला. अक्का कोरड्या चपला घालून मुलाच्या खुर्चीत बसली होती. मुलगा शेजारी उभा होता, तिच्या खांद्यावर हात ठेवून. एरवी वर्षभरात त्यानं तिच्या खांद्याला हात लावला नव्हता.

“दिवसाला किती कपडा निघतो?”

“चारशे किलोपर्यंत, मॅडम,” मुलगा म्हणाला.

“यंत्रं कधीची?”

“दोन नवी आहेत. आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही.”

तपासनिसीनं मान वर करून अक्काकडे पाहिलं. अक्का हसली. सांगितलं होतं तशी.

“ऑपरेशनच्या चादरी येतात ना? रक्ताच्या? त्या कशा धुता?”

“थेट उकळत्या पाण्यात,” मुलगा म्हणाला. “जंतूचं नाव राहत नाही.”

अक्कानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सोड्यानं बोटांची सालं निघालेली होती. तिनं ओठ मिटले, मग उघडले.

“उकळत्या पाण्यात घातली तर चादर फाटेल, पण ते रक्त निघायचं नाही.”

“आई, मी तेच सांगत होतो.”

“तू दुसरंच सांगत होतास.” ती तपासनिसीकडे वळली. “आधी गार पाणी. पाण्याचा रंग जाईपर्यंत, मग दोनदा लागो की चारदा. मग सोडा, मग कोमट. उकळतं सगळ्यात शेवटी. नवी पोर कामाला लागली की पहिल्या दिवशी हे शिकवतो आम्ही.”

तपासनिसीनं पेनाला टोपण लावलं.

“खाली चला. तुम्ही दाखवा.”

खाली गेल्यावर अक्कानं कोणाला न सांगता चपला बदलल्या. मग अर्धा तास तिनं बोलून तपासनिसीला दमवलं. कुठल्या हॉस्पिटलची चादर काठावरून ओळखायची, पिळायच्या यंत्राचा आवाज जड झाला की आत काय अडकलेलं असतं, एकदा उशीच्या अभ्र्यातून कोणाचे तरी दात निघाले होते ते कसे परत पोचवले. तपासनीस मोठ्यानं हसली. मग बायकांना विचारलं, इथं रजा कोण देतं.

“अक्का,” मुकादमीण म्हणाली. “शिव्याही त्याच देतात. दोन्ही एकाच खिडकीवर मिळतं.”

घड्या घालायच्या लांब टेबलापाशी तपासनिसीनं कागद पसरला, पण सही केली नाही. पिशवीतून दुसरा कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला.

“अक्का, मला काही शंका उरली नाही. पण संघाच्या कपाटात हाही कागद आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलाला तरुण उद्योजक म्हणून पुरस्कार मिळाला, तेव्हाचा अर्ज.”

पुरस्कार अक्काला माहीत होता. काचेचा, वर खोलीत ठेवलेला. दर शनिवारी ती जिना चढून तो पुसून यायची. समारंभाला गेली नव्हती. घरच्यांना बोलावणं नाही, असं मुलगा म्हणाला होता.

“काय लिहिलंय?”

“हा धंदा त्यांनी एकट्यानं, शून्यातून उभा केला. आई घरी असतात, त्यांचा धंद्याशी संबंध नाही.”

“पुन्हा वाचा. सावकाश.”

तपासनिसीनं पुन्हा वाचलं. मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला होता. बायकांचे हात चालू होते, तोंडं बंद होती.

“दोन्ही कागद एकाच संघाचे,” तपासनीस हलक्या आवाजात म्हणाली. “त्यातला एक खोटा आहे असं तुम्ही लिहून दिल्याशिवाय मला सही करता येत नाही. जुना खोटा म्हटलात तर पुरस्कार परत जाईल, संघातून त्यांचं नाव कमी होईल. यंदा ते चिटणीसपदाला उभे आहेत, तेही जाईल. आजचा खोटा म्हटलात तर यादीचं विसरा.”

मुलगा जवळ आला. वाकून तिच्या कानाशी बोलला, पण टेबल लांब नव्हतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

“आई, आजचं सोड. यादी पुढच्या वर्षी पुन्हा निघेल. माझं नाव एकदा गेलं की गेलं.”

अक्कानं मुकादमिणीकडे पाहिलं. मुकादमीण पाहत नव्हती. घडी घातलेलीच चादर उलगडून ती पुन्हा तिची घडी घालत होती.

“जुना खोटा आहे,” अक्का म्हणाली. “लिहा. अंगठ्याची शाई नका काढू, सही येते मला.”

तिनं सही केली. तीन अक्षरांना वेळ लागला. तपासनिसीनं खाली आपली सही ठोकली, कागद पिशवीत घातले आणि अभिनंदन वगैरे काही न म्हणता गेली.

मुकादमिणीनं बायकांना पाण्याचं निमित्त करून बाहेर काढलं. मुलगा टेबलाच्या पलीकडे उभा राहिला.

“चार लोकांत पोटच्या पोराचं नाव घालवलंस.”

“हो.”

“निदान आधी मला विचारायचंस.”

“तू मला विचारलं होतंस?”

ती ओरडा ऐकायच्या तयारीत होती. लहानपणापासून तो पकडला गेला की आधी ओरडायचा, मग रडायचा. आज तो ओरडला नाही. एखादं गणित पुन्हा मांडून पाहावं तसा सावकाश बोलला.

“पण मी खोटं लिहिलं नव्हतं गं. तू खाली कपडे धुतेस, ते काय मला दिसत नाही? पण धंदा म्हणजे पत्रं, फोन, माणसं सांभाळणं. ते मीच करतो. मी यायच्या आधी कपडे धूत होतीस, ते घरकामच होतं ना तुझं, फक्त जास्त घरांचं. अर्ज लिहिताना एकदासुद्धा मनात आलं नाही की आपण खोटं लिहितोय.”

खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. तिनं निरखून पाहिलं. कान नेहमीसारखे होते.

तिनं टेबलावरची चादर ओढली, एकटीनंच तिची घडी घालायला घेतली. टोकं जुळेनात. चादर तशीच खाली ठेवून ती म्हणाली,

“चोर असतास तर बरं झालं असतं. चोराला निदान ठाऊक असतं, माल दुसऱ्याचा आहे.”