डिझेल की पेट्रोल, भिमाजीला विचारा

पंच्याहत्तर सालच्या एका गुरुवारी अण्णासाहेबांची अँबॅसिडर दापोडीच्या गल्लीत शिरली आणि थेट भिमाजीच्या दाराशी थांबली. कंपनीला दर गुरुवारी सुट्टी असायची. भिमाजी उंबऱ्यात बसून दाढी करत होता, तो अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून उठला.

अण्णासाहेब चिंचवड गावठाणातले जुने बागायतदार. जमीन कारखान्यांना गेली आणि तिच्या पैशातून ही गाडी आली. भिमाजीच्या बापानं हयात त्यांच्या मळ्यात काढली होती. तेव्हा अण्णासाहेब 'ए भिम्या' म्हणायचे. आज म्हणाले, "भिमाजीराव, सवड हाय का? तुमचा जरा सल्ला पायजे."

बांधावरून हाका मारून त्यांचा आवाज तयार झालेला, त्यामुळे 'राव' आणि 'तुमचा' हे दोन्ही शब्द गल्लीत सगळ्यांनी ऐकले. भिमाजीनंही ऐकले आणि तो जरा ताठ झाला.

"पेट्रोल असं चढलंय, की गाडी काढायची म्हटली तरी आधी पाकीट उघडून बघतोय. पिंपरीचा गॅरेजवाला म्हणतो, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून देतो. ह्या न्हाई म्हणत्यात. तुमी इंजिनातला माणूस. तुमी म्हणाल तसं."

भिमाजी इंजिनातलाच माणूस होता. नवं डिझेल इंजिन जोडून झालं की ते टेस्टिंगला त्याच्यापुढं यायचं. इंजिन धडधडत असताना तो त्यावर पंजा ठेवायचा आणि कुठं काय ढिलं आहे ते सांगायचा. सोळा वर्षांत त्याचा पंजा चुकला नव्हता.

त्यानं डिझेलचं गुणगान सुरू केलं. कमी पितं, चढाला दम सोडत नाही, नीट ठेवलं तर पोरांच्या हाती देऊन जाल. गाडीत मागं बसलेल्या केसरबाईंनी काच खाली केली. या अण्णासाहेबांच्या 'ह्या'. त्यांनी एकच विचारलं, "आवाज किती करतं?"

"आवाज कुठला, ताई?" भिमाजी हसला. "पायाखाली जरा थरथर लागेल. बाकी मांजर बसल्यावानी."

खात्री करायला तिघं गॅरेजात गेले. डिझेल बसवलेली एक टॅक्सी तिथं उभी होती. मेकॅनिकनं ती सुरू केली तशी कडुनिंबावरची पाखरं उडाली आणि केसरबाई दोन पावलं मागं सरल्या. भिमाजीनं बॉनेटवर पंजा टेकला, डोळे मिटले. "ऐका," तो म्हणाला, "काय गोड चाललंय!"

अण्णासाहेबांनी कान दिला. पत्र्याच्या पिंपात कुणी दगड ओततंय असं त्यांना वाटलं. पण सोळा वर्षं यातच घालवलेला माणूस गोड म्हणतो म्हटल्यावर आपलेच कान अडाणी, असं समजून ते म्हणाले, "व्हय, गोडच हाय." आठवड्यात डिझेल बसलं.

दीड महिन्यानं, पुन्हा गुरुवारीच, केसरबाई एकट्या बसनं दापोडीला आल्या. भिमाजीची बायको छबूबाई हिनं चहा टाकला खरा, पण पुढं करावा की नाही याच विचारात ती उभी राहिली. केसरबाईंनी हात लांबवून कप घेतला, तळापर्यंत प्यायला आणि मग तोंड उघडलं.

"आमच्या घरात चौदा माणसं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर आम्हाला ती गाडीच होती. एकादशीला आळंदीला जायचं, जाता-येता सगळं बोलून घ्यायचं. आता मी म्हणते पोरीचं लग्न, तर हे म्हणतात, कुठं आलं विघ्न? घसा बसला माझा."

भिमाजी पाठमोरा होऊन खुंटीला सदरा अडकवत होता. त्यानं मान वळवली नाही.

"अहोऽ!" छबूबाई केवढ्यांदा तरी ओरडली. मग केसरबाईंकडं वळून म्हणाली, "आवाजाचं तुम्ही यांना विचारलंत? एवढ्या पंचक्रोशीत हाच माणूस सापडला?" आणि लगेच तिनं तोंडावर पदर घेतला. पण तेवढ्यात भिमाजी वळला होता, आणि तिचे ओठ त्याला दिसले होते.

"म्हणजे?"

छबूबाईनं पदर खाली घेतला. "तुम्हाला कमी ऐकू येतं. सहा-सात वर्षं झाली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगते की! ओरडून सांगते."

बायको अलीकडं तापट झाली आहे, असं भिमाजी कंपनीत चारचौघांना सांगत आला होता. रेल्वेच्या गाड्या हल्ली कमी झाल्या असंही त्याला वाटत होतं. त्या तर घरामागूनच जायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेस्टिंगवर चार इंजिनं एकदम चालू असताना फोरमन यशवंतरावांना गाठलं. "साहेब, मला ऐकू येत नाही!"

यशवंतरावांनी कानामागं हात धरला. "काय?"

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना समजलं. त्यांनी त्याला बाहेर नेलं. "मग? मला तरी कुठं येतं? पंजा शाबूत आहे ना? जा कामाला."

भिमाजी गेला, पण त्या दिवशी पंजा टेकवताना त्याला इंजिनाचं कौतुक वाटलं नाही. दुपारी त्यानं स्टोअरमधून कापूस आणला आणि कानांत बोळे घातले. शेजारचे हसले. त्यानं त्यांच्यापुढंही कापूस धरला. दोघांनी घेतला.

संध्याकाळी तो चिंचवडला गेला. "अण्णासाहेब, माझी चूक झाली. पेट्रोलचंच परत बसवा, मी स्वतः उभा राहून बसवून घेतो."

अण्णासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, त्याला गोठ्यामागं ओढलं आणि पुटपुटले.

"तोंड इकडं करून बोला," भिमाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो असं म्हणत होता.

"गप म्हणतोय! वीस वर्सांत पहिल्यांदा आळंदीला जाऊन निवांत आलो. डिझेल ऱ्हाऊ दे. आणि तू हे कुठं बोलू नगंस."

सल्ल्याचं काम झालं होतं, आणि 'तुमी'चंही.

घरी आल्यावर छबूबाईनं त्याच्यासमोर बसून हळू बोलून पाहिलं. तिला ते जमेना. दोन वाक्यं झाली की आवाज आपोआप वर चढायचा आणि दोघंही हसायची. शेवटी भिमाजीनंच ओठ नीट वाचायचं मनावर घेतलं.

केसरबाईंनी आळंदीची वारी सोडली. त्या दर गुरुवारी बसनं दापोडीला येऊ लागल्या आणि मनातलं सगळं छबूबाईपाशी बोलू लागल्या. भिमाजी समोर दाढी करत बसायचा, तोंड त्यांच्याकडं करून. थोरल्या पोरीला बघायला चाकणचे पाहुणे येणार आहेत, हे त्यामुळं अण्णासाहेबांच्या आधी आठवडाभर त्याला कळलं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.