खुंटीवरची ऊब

मित्रांनो, मी तापमान सांगणारा एक जुना सेन्सर आहे. बोटाच्या पेराएवढी स्टीलची टोपी आणि तिच्यामागे काळी वायर, एवढंच माझं अंग. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. पण लोहाऱ्याजवळच्या या शेळ्यांच्या गोठ्यात जे घडलं, ते माझ्या आकड्यांभोवती घडलं. म्हणून मीच सांगतो.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. पहिली ओळख पटली ती वर्षाराणीच्या बोटांची. ती या घरची सून. मोबाइलवर बघून बघून सर्किट जोडायला शिकलेली. तिने मला एका हिरव्या बोर्डाला जोडलं. गोठ्यातलं तापमान अठराच्या खाली गेलं की मी ते सांगायचं, बोर्डाने बल्ब लावायचा आणि त्याखाली नुकती जन्मलेली करडं शेकून निघायची. माझा आकडा तिच्या मोबाइलवरही उमटत असे. सासरे महारुद्र तो बघून हसत.

"पोरी, मला नुसता करडाच्या कानाला हात लावला की कळतंय. पन तुझं यंत्र बी खोटं बोलत न्हाय."

त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस जगलो.

शेळ्यांना मात्र माझी वायर फार आवडे. दोनदा त्यांनी ती चावून तोडली. शेवटी वर्षाराणीने वायर गुंडाळली, मला बोर्डासकट पेढ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात बंद केलं आणि डबा खुंटीला अडकवला. ती महारुद्रांची खुंटी. तिच्याखाली त्यांची बाज असे.

थंडी सुरू झाली आणि महारुद्र गेले.

घरात दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपली झाकली. गेलेला माणूस ज्या जन्माला जातो, त्याचं पाऊल त्या पिठात उमटतं, असं इथं मानतात. सकाळी टोपली उचलली, तर पीठ कोरं.

"पाऊलच न्हाय," शेजारच्या इरम्मा म्हणाल्या. "म्हंजे गेलेच न्हाईत कुठं."

महारुद्रांच्या पत्नी मथुराबाईंनी ते ऐकलं. त्यांनी नवऱ्याची घोंगडी छातीशी धरून गोठ्यात आणली आणि त्याच खुंटीवर, माझ्या डब्यावरून टांगली.

त्या दिवसापासून माझा आकडा चढला. बाहेर शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहत आणि मी चोवीस सांगे. मला पाठीशी कुणीतरी टेकून बसल्यासारखं वाटे. कोण, ते मला कसं कळावं? मला ऊब कळते, तिचं नाव कळत नाही.

मथुराबाई सुनेच्या मोबाइलमध्ये डोकावत. "बसल्यात तिथंच," त्या पुटपुटत.

"यंत्र हाय का देव्हारा, मथुराबाई?" इरम्मा हसत. "अगरबत्ती लावा की आता!"

"लावीन. तुजं काय जातंय?"

बल्ब मात्र एकदाही लागला नाही.

मग एक शेळी व्याली. जुळी करडं झाली. सकाळी त्यातलं एक ताठ पडलेलं होतं आणि दुसरं पायावर उभं राहीना. वर्षाराणीने जमिनीला हात लावला, ती बर्फासारखी गार. मोबाइलवर माझे चोवीस तसेच. तिला माझाच संशय आला. तिने वायरचे जोड तपासले, प्रोग्राम पुन्हा भरला. आकडा हलला नाही. तेव्हा मला एकट्याला डब्याबाहेर ओढून तिने बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवलं. मी घसरत घसरत शून्यावर येऊन थांबलो, बल्बही लागला.

"सेन्सर तर चांगला हाय," ती गोंधळून म्हणाली.

मथुराबाईंचा चेहरा उजळला. "मग खरंच सांगतोय की त्यो! हाईत ते तिथं. डब्याला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते."

वर्षाराणीने मला डब्यात ठेवलं, वर घोंगडी सोडली. मी पुन्हा चढू लागलो आणि बल्ब विझला. तिने आत हात घातला आणि एकदम मागे घेतला.

"आत्या, तुम्ही बघा हात लावून. बोर्ड तापतंय. ती ऊब डब्यात कोंडलीय, वरनं घोंगडी. ह्यो बिचारा गोठ्याचं न्हाय, डब्यातलं सांगतोय."

"तुला समद्यात बोर्डच दिसनार."

खाली करडू बारीक आवाजात ओरडलं. ओरडलं म्हणण्याइतकाही तो आवाज नव्हता.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "मामा असते, तर घोंगडी खुंटीवर ठेवली असती का?"

मग मथुराबाई उठल्या. त्यांनी आपल्या हाताने घोंगडी उतरवली, करडू तिच्यात गुंडाळलं आणि त्याला मांडीवर घेऊन त्या बाजेवर बसल्या. वर्षाराणीने मला डब्याबाहेर मोकळ्या हवेत सोडलं. माझा आकडा उतरू लागला. मथुराबाई मोबाइलकडे बघत होत्या. कुणी निरोप न घेता उठून चालावं आणि आपण फक्त पाठ बघत राहावं, तसं.

अठराच्या खाली गेलो आणि बल्ब लागला.

ते करडू जगलं. आता तेच सगळ्यांत जास्त वायरी चावतं. म्हणून मी भोकं पाडलेल्या पाइपात राहतो आणि बोर्ड पलीकडे, भिंतीआड. संध्याकाळी मथुराबाई येतात, मला पाइपातून काढून मुठीत धरतात. मी भराभर चढतो. "हं," एवढंच म्हणून त्या मला परत ठेवतात. ती ऊब कुणाची, ते दिवसातून तेवढ्या वेळी मला नक्की माहीत असतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर विश्वास जरूर ठेवा. पण आकडा वाचण्याआधी आम्हाला कुठं ठेवलंय, ते एकदा बघत चला. आम्ही जिथं असतो तिथलंच सांगतो. आणि बल्बाखाली कुणी कुडकुडत असेल, तर आधी त्याला हात लावून बघा.

कधी कधी पहाटे, गोठ्यात कुणी माणूस नसताना, माझा आकडा किंचित वर सरकतो. एखादी शेळी पाइपाला टेकली असेल. बहुतेक तसंच असेल. मी फक्त आकडा सांगतो.