दर दसऱ्याला काळा रंग

मी एक जुनी, दुधी रंगाची मोटार आहे. रंगरावांनी नंबर लावला, सहा वर्षं वाट पाहिली आणि सत्त्याऐंशी साली मला नारायण पेठेत आणलं. लोक गॅलरीत येऊन बघत होते. मित्रांनो, तेव्हाचा माझा थाट काय सांगू!

पुढे बाजार खुला झाला. गुळगुळीत नव्या गाड्या आल्या आणि माझ्या वयाच्या एकेक करून भंगारात गेल्या. रंगरावांनी मला मात्र ठेवलं. रोज पुसायचे. दर दसऱ्याला आडवे होऊन माझ्या पोटाला काळ्या ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. माझा जीव मात्र धास्तावलेला असायचा. स्टिअरिंगची सळी चाकाला जोडणारा सांधा आखडत चालला होता, आणि मला सांगता येत नव्हतं.

त्यांच्या नीरजाला हडपसरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. सोमवारपासून ती मला नेणार होती. गुरुवारी सराव करताना तिने पुलाजवळ मला वळवलं आणि स्टिअरिंग तिथेच अडकून बसलं. समोरून बस! तिने कसाबसा ब्रेक दाबला.

"बाबा, वळवलं की स्टिअरिंग परत येतच नाही."

"गाडी आहे ती. संध्याकाळी आपणहून परत यायला गाय नाही," रंगराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. शनिवारी धायरीच्या समाधान मिस्त्रींनी मला जॅकवर घेतलं. ते मूळचे नागपूरकडचे. खाली वाकले आणि बघतच राहिले.

"साहेब, हे रंगवलं कोणी?"

"मीच. दर वर्षी," रंगराव ऐटीत म्हणाले.

"ग्रीस भरायचं तोंडच बुजवलं न तुम्ही. आत थेंबभर गेलं नाही. सांधा पूर्ण जाम होऊन राहिला."

रंगरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

नट निघाला, सांधा हलेना. रॉकेल ओतून तासभर भिजवला, तरी ढिम्म.

"घाला की घाव सांध्याच्या डोक्यावर!" रंगराव वैतागले.

"आटे मोडतील, साहेब. बाजूच्या लोखंडावर मारावं लागते. नवा सांधा आहे माझ्यापाशी, पण ते लोखंड तडकलं, तर नवीन कुठंच मिळत नाही. मग गाडी भंगारात."

"मग राहू द्या," रंगराव घाईघाईने म्हणाले. "चालतेय तोवर चालवू."

मित्रांनो, भंगारापेक्षा हे ऐकून मी जास्त घाबरले. सोमवारी त्याच पुलावर, तशीच बस आली तर?

"मला भीती वाटते, बाबा," नीरजा हळूच म्हणाली. "मी नाही नेणार."

रंगराव इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावून खाली बसले. "काय धरायचं ते सांगा."

त्यांनी एका बाजूने जड हातोडा टेकवून धरला, समाधान दुसऱ्या बाजूने मारू लागले. माझं अंग दणाणत होतं. प्रत्येक घावाला वाटे, आता तडकलं! सातव्या घावाला टण्ण आवाज झाला आणि सांधा खाली पडला. समाधान मिस्त्रींनी लोखंडावरून बोट फिरवलं. "तडा नाही."

रंगरावांनी तो सांधा उचलला. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी वळेना.

"पोरीला हे घेऊन पाठवत होतो मी," ते पुटपुटले.

नवा सांधा बसला, दुसऱ्या बाजूचीही तोंडं खरवडून मोकळी झाली. परतताना पुलाजवळ नीरजाने मला वळवलं आणि भीत भीत पकड सैल केली. स्टिअरिंग अलगद सरळ झालं.

"बाबा, आली बघा गाय!"

रंगराव बराच वेळ चष्मा पुसत होते.

मित्रांनो, माया करणाऱ्याचंही चुकतं. ज्याच्या भरवशावर आपलं माणूस घराबाहेर पडतं, त्याला नुसतं चकचकीत ठेवू नका. खाली वाकून बघा.

या दसऱ्याला रंगराव पुन्हा माझ्याखाली शिरले. रंगाचा डबा नव्हता, हातात ग्रीसगन होती; नीरजा चाकापाशी टॉर्च धरून वाकली होती. आणि ते आतून सारखे विचारत होते, "नीरजा, नीट बघून सांग गं, गेलं का आत?"