पुरवणीची ताजी शिवण

सोमवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना न्यायालयाच्या खिडकीतून शिवणवाल्या मावशींचा अर्ज परत आला. कारण एका ओळीचं: मुदत संपली.

जिन्याखालच्या ज्या खोलीत त्या बावीस वर्षं कपडे शिवत होत्या, ती रिकामी करण्याची नोटीस मिळून अठरा दिवस झाले होते. वकील परवडणारा नव्हता. म्हणून नोटिशीच्या चौथ्या दिवशी शेजारच्या कायदा ग्रंथालयात बसून त्यांनी कलम स्वतःच शोधलं होतं आणि कापणीच्या खाकी कागदावर उतरवून घेतलं होतं: हरकतीला तीस दिवस.

आता त्या तडक ग्रंथपालांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, माप घेण्यात मी कधी चुकत नाही. बारा दिवस राखून आले, तरी कापड कमी कसं पडलं?"

ग्रंथपालांनी जाड पुस्तक काढलं. पान तेच, तीस दिवस. मग मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून त्यांनी पातळ पुरवणी काढली. कायद्यातले नवे बदल तिच्यात असत. मुदत पंधरा दिवस.

"खिसा मी तेव्हाही चाचपला होता. रिकामा होता." मावशींनी पुरवणीच्या कण्यावरून बोट फिरवलं. "ही शिवण ताजी आहे हो."

ग्रंथपालांचा चेहरा उतरला. "मीच बांधणीला पाठवली होती. तशी चिठ्ठी खिशात ठेवायची असते. राहिली."

"मग आता मी काय करू?"

ग्रंथपालांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं: पुस्तक दाखवले जाईल, सल्ला मिळणार नाही. मग पुस्तकाचं पुढचं पान उघडून मावशींकडे सरकवलं.

मावशींनी बोट ठेवून वाचलं. योग्य कारण असल्यास उशीर माफ; कारणाचा पुरावा जोडावा.

"पुरावा म्हणजे तुम्हीच की."

"माझ्या नोकरीवर येईल, मावशी."

"माझ्या खोलीवर आलंच आहे. जबरदस्ती नाही. पेन तेवढं द्या, कारण लिहायचंय."

त्यांनी पेन दिलं. मावशींच्या चार ओळी लिहून झाल्या. मग ते उठले, बांधणीच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत काढली, तिच्याखाली 'चूक माझी' असं लिहून सही केली.

चार वाजून वीस मिनिटांनी खिडकीवर अर्जावर शिक्का बसला. उशीर माफ करायचा की नाही, ते गुरुवारी ठरेल. ग्रंथपालांकडून वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला आहे.

बुधवारी संध्याकाळी जिन्याखाली मशीन चालू होतं.