मशीनखालची चप्पल

पासिर रिसच्या त्या फ्लॅटमधलं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं करायचं. घरात सगळ्यांना त्याचा वैताग. एकट्या विनीताला लळा. शेजारच्या फळीवर तिने सुपारीच्या डबीएवढं आपलं यंत्र चिकटवलं होतं. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पातळ स्प्रिंगवर बसवलेलं चुंबक. फळी थरथरली की चुंबक वेटोळ्यात नाचायचं, वीज तयार व्हायची आणि इवलासा दिवा लागायचा. बॅटरी नाही, प्लग नाही.

आज संध्याकाळपर्यंत त्या दिव्याचा व्हिडिओ ती काम करायची त्या बुओना व्हिस्टाच्या लॅबला पाठवायचा होता. नाहीतर पुढच्या चाचणीतून तिचं यंत्र बाद.

मशीन पिळण्यावर आलं. विनीताने मोबाइल धरला. दिवा लागेना. मशीन नुसतं घुमत होतं आणि फळी ढिम्म.

"किती शांत झालंय ना?" मागून तिचे सासरे चारुदत्त खुशीत म्हणाले. "चारही पायांखाली रबर घातलं. माझी जुनी चप्पल कापून. रोज डोकं धरून घरी येतेस, म्हटलं पोरीला जरा..."

विनीताने नुसतं दिव्याकडे बोट दाखवलं. चारुदत्तांचा चेहरा उतरला.

"लग्नाच्या पंगतीतसुद्धा डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागद सारत बसतात हे," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "कुठे काही हललेलं बघवतच नाही!"

"काढतो, विनू. आत्ता काढतो." ते वाकले.

"थांबा, बाबा. कंबर धरेल." आधारासाठी तिने मशीनवर हात टेकला आणि तळहाताला मुंग्या आल्या. मोटर तीच, वेग तोच. रबराने थरथर जमिनीत उतरू दिली नव्हती, इतकंच. ती सगळी पत्र्यातच होती. एवढे दिवस आपण फळीवर पाझरलेलं तेवढंच वेचत होतो!

तिने यंत्र सोडवून मशीनच्या डोक्यावर दाबून धरलं. दिवा लागला, आधीपेक्षा ठसठशीत.

"म्हणजे माझं काही चुकलं नाही," चारुदत्त ताठ झाले.

"विचारलं नाहीत, ते चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

व्हिडिओ गेला. चारुदत्त जोडीतली उरलेली चप्पल टाकायला निघाले, तशी विनीताने ती त्यांच्या हातातून घेतली आणि आपल्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

"राहू दे, बाबा. आमच्या लॅबमधलं टेबल फार डुगडुगतं."